राहुरीचे पाळक: बहुविध कृपादानांचा एक कारभारी

वाचनासाठी शास्त्रभाग: इब्री १३:७-८, निर्गम ३५:३०-३५, १ करिंथ १२:४-११, मत्तय २५:१४-३०



इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात लेखकाने मंडळीला एक लहानशी, पण मोठ्या अर्थाची आज्ञा केली आहे. ज्यांनी तुम्हाला देवाचे वचन सांगितले त्या तुमच्या पुढाऱ्यांची आठवण ठेवा, असे तो म्हणतो. परंतु तो तेथेच थांबत नाही. त्यांच्या वर्तनाचा शेवट काय झाला हे नीट पाहा आणि त्यांच्या विश्वासाचे अनुकरण करा, असेही तो सांगतो. आठवण, निरीक्षण आणि अनुकरण अशा या तीन पायऱ्या आहेत. येथे अनुकरण करावयाचे ते विश्वासाचे. वक्तृत्वाचे, विद्वत्तेचे किंवा गोड गळ्याचे नव्हे, ही गोष्ट आपण लक्षात घ्यावी. लगेच पुढच्याच वचनात येशू ख्रिस्त काल, आज आणि युगानुयुग तोच आहे, अशी ग्वाही दिली आहे. पुढारी येतात आणि जातात. ज्याच्याविषयी ते बोलले तो मात्र राहतो.

आपल्या मंडळ्यांत ही आज्ञा बहुधा दोन प्रकारे मोडली जाते. एक तर पाळक निवृत्त झाला किंवा प्रभूकडे गेला की त्याचे नाव भिंतीवरच्या संगमरवरी पाटीपुरते उरते. दुसरा प्रकार याच्या उलट असतो. त्याच्या गुणांची इतकी स्तुती होते की तो माणूस न राहता मूर्ती होतो. आणि मूर्तीचे अनुकरण कोणी करीत नाही, तिला केवळ हार घालतात. शास्त्राला अपेक्षित असलेली आठवण या दोन्हींपासून दूर आहे. ती सत्य सांगते, उपकार मानते आणि शिकते.

अशा आठवणीचा अभ्यास करण्यासाठी या लेखात रेव्ह. नारायण वामन टिळक यांचे उदाहरण घेतले आहे. 'फुलामुलांचे कवी' म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून त्यांच्या कविता अनेक पिढ्यांनी पाठ केल्या. पण आज आपण त्यांच्याकडे पाळक म्हणून पाहू या. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील मुळा नदीकाठच्या राहुरीसारख्या तालुक्याच्या गावी त्यांनी प्रभूची सेवा केली, हे त्यांच्या कवितेच्या तेजात पुष्कळदा विसरले जाते.

१. देवाने घडविलेला मार्ग

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. इंग्रजी शाळेतील शिक्षण मात्र थोडेच झाले. पुढे पोटासाठी त्यांनी गावोगाव फिरून शिक्षकी केली, पौरोहित्य केले, छापखान्यात खिळे जुळविले. नागपुरास असताना अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम केले. एका जागी न टिकणारा, देवाला आणि देशाच्या उद्धाराच्या मार्गाला शोधणारा हा माणूस होता.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीच्या डब्यात एका परक्या प्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने त्यांना नवा करार भेट दिला आणि तो वाचण्याची विनंती केली. टिळकांनी तो वाचण्यास घेतला, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाशी येताच ते त्यात गुंतून गेले. जे प्रश्न त्यांना वर्षानुवर्षे छळीत होते त्यांची उत्तरे त्यांना तेथे भेटली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करा. त्या अनोळखी प्रवाशाला पुढे काय होणार याची कल्पना नव्हती. त्याने एक पुस्तक दिले आणि तो आपल्या वाटेने गेला. एक लावतो, दुसरा पाणी घालतो, वाढविणारा देव आहे, हे पौलाने करिंथकरांस सांगितलेले सत्य (१ करिंथ ३:६-७) याहून वेगळे काय आहे?

२. एका माणसाच्या ठायी अनेक दाने

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात आले. तेथील ईश्वरविज्ञान विद्यालयात त्यांनी शिकविले, आणि पुढे त्यांना रीतसर पाळकपदाची दीक्षा मिळाली. काही काळ राहुरी हे त्यांच्या सेवेचे ठिकाण होते.

तालुक्याच्या गावचा पाळक म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस अधिक सांगावयास नको. रविवारचा उपदेश हा त्याच्या कामाचा सर्वांत लहान भाग असतो. आजाऱ्याच्या उशाशी तोच बसतो, अर्ज तोच लिहून देतो, भांडणे तोच मिटवितो, मुलांना गाणी तोच शिकवितो आणि कबर खणली जात असताना उन्हात उभा राहतो तोही तोच. टिळकांच्या काळी तर प्लेगच्या साथी आणि १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ यांनी नगर जिल्हा होरपळून गेला होता. अनाथ मुले दारोदार फिरत होती. टिळकांचे घर अशा मुलांनी भरलेले असे.

या सेवेत त्यांनी आपल्या ठायी असलेले प्रत्येक दान कामाला लावले. संस्कृतचा अभ्यास होता, तो शास्त्र समजावून सांगण्यास उपयोगी पडला. गोष्ट सांगण्याची हातोटी होती, तिचे कीर्तन झाले. ख्रिस्ती कीर्तनाची वाट त्यांच्यापूर्वीच कृष्णराव सांगळे यांनी पाडली होती. टिळकांनी ती आणखी रुंद केली. काव्यशक्ती होती, तिच्यातून उपासनेची शंभराहून अधिक गीते जन्मास आली. मराठी मंडळीच्या 'उपासना-संगीत' या गीतसंग्रहातून ती पिढ्यान्‌पिढ्या गाइली गेली. परभाषेतून आलेल्या गीतांच्या जोडीला अभंग आणि भजन आले. ज्याला अक्षरओळख नाही अशा शेतकऱ्याच्या ओठांवरही ख्रिस्ताचे नाव त्याच्या स्वतःच्या चालीत आले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. तो पूल त्यांनी मोडला नाही. इतरांना ये-जा करता यावी म्हणून तो खुला ठेवला. लेखणी होती, म्हणून १९१२ पासून मरणापर्यंत त्यांनी 'ज्ञानोदय' या पत्राच्या मराठी विभागाचे संपादन केले. १८४२ साली अहमदनगरास सुरू झालेल्या या जुन्या पत्राला त्यांच्या हाती नवे तेज चढले. 'वनवासी फूल' व 'सुशीला' यांसारख्या त्यांच्या काव्यांनी तर मंडळीच्या कुंपणाबाहेरील रसिकांनाही जिंकले.

हे पाहताना निर्गमाच्या ३५ व्या अध्यायातील बसालेलाची आठवण होते. सोने, रुपे, पितळ, रत्ने, लाकूड अशा सर्व कामांत तो निपुण होता. शास्त्र हे कौशल्य त्याच्या हुशारीच्या खाती मांडीत नाही. देवाने त्याला आपल्या आत्म्याने परिपूर्ण केले होते, असे ते सांगते. सुताराचा रंधा आणि कवीचा शब्द ही दोन्ही आत्म्याची दाने होऊ शकतात, हे आपण मानतो काय? पुष्कळदा आपण उपदेश व प्रार्थना यांनाच आध्यात्मिक समजतो आणि बाकीचे सारे 'पाळकसाहेबांचा छंद' म्हणून बाजूला सारतो. परंतु निवासमंडप उभा राहिला तो बसालेलाच्या हातांनी.

३. दानांचे मोल कोणी दिले?

आता आठवणीचा कठीण भाग येतो. तो टाळला तर आपला अभ्यास अपुरा राहील.

टिळकांचे घर कसे होते हे आपल्याला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रातून कळते. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणला जातो. त्यात लक्ष्मीबाईंनी आपल्या पतीचे चित्र मोठ्या प्रेमाने, पण काहीही न झाकता रेखाटले आहे. ते शीघ्रकोपी होते. मन येईल तेव्हा घर सोडून निघत. पैसा त्यांच्या हाती टिकत नसे. मागणाऱ्याला देऊन ते मोकळे होत, आणि संध्याकाळच्या चुलीची काळजी घरच्या माणसाला पडे. एकाच माणसाच्या ठायी इतकी प्रतिभा आणि इतका अव्यवहारीपणा कसा नांदत असेल, असा विचार वाचकाच्या मनात येतो.

सर्वांत मोठा घाव बाप्तिस्म्याच्या वेळचा होता. लक्ष्मीबाई कर्मठ घरात वाढल्या होत्या. पतीने धर्मांतर केल्याची वार्ता त्यांच्यावर वीज कोसळावी तशी कोसळली. जवळजवळ पाच वर्षे पतिपत्नी विभक्त राहिली. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातलगांच्या आश्रयाने दिवस काढीत होत्या. पुढे त्या टिळकांजवळ येऊन राहिल्या. पण तेव्हाही त्यांचे सोवळे सुटले नव्हते, आणि टिळकांनी ते बळाने सोडविले नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न एके दिवशी त्यांच्याच मनात उभा राहिला, आणि त्यांनी स्वतःच त्याचे उत्तर शोधले. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या इतिहासातून दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. पहिली ही की दान आणि फळ या निरनिराळ्या गोष्टी आहेत. १ करिंथच्या १२ व्या अध्यायात आत्म्याची दाने सांगितली आहेत, तर गलतीकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायात आत्म्याचे फळ सांगितले आहे: प्रीती, सहनशीलता, सौम्यता, इंद्रियदमन. दान एका दिवसात मिळू शकते. फळ पिकण्यास ऋतू लागतात. ज्याला पाच दाने आहेत त्याच्या ठायी सहनशीलतेचे फळ पिकलेलेच असेल, असे आपण गृहीत धरतो, आणि ते दिसले नाही की निराश होतो. पौलाने दानांच्या अध्यायानंतर लगेच प्रीतीचा अध्याय का लिहिला, हे येथे उमगते.

दुसरी गोष्ट अशी की पाळकाच्या दानांचे मोल बहुधा त्याचे घर देत असते. मंडळी पाळकाच्या गाण्यावर प्रसन्न असते तेव्हा स्वयंपाकघरात डाळ किती उरली आहे, हे कोण विचारते? इथ्रो मोशेला भेटावयास आला तेव्हा मोशेची पत्नी व मुले त्याच्याबरोबर होती. आणि इथ्रोनेच मोशेला सांगितले की तू एकट्याने हे सारे करतोस हे बरे नाही, तूही झिजशील आणि लोकही झिजतील (निर्गम १८). बहुगुणी पाळक मंडळीला सोयीचा वाटतो, कारण त्याच्यामुळे इतरांना काही करावे लागत नाही. पण ही सोय त्याच्या घराच्या जिवावर उभी असते.

४. दानाची खरी पारख

मग बहुगुणी सेवकाची पारख कोणत्या कसोटीवर करावी? बसालेलाच्या वृत्तान्तात एक लहानसे वाक्य आहे. वाचताना ते सहज निसटते. देवाने त्याच्या व अहलियाबाच्या मनात इतरांना शिकविण्याची बुद्धी घातली, असे निर्गम ३५:३४ मध्ये म्हटले आहे. शेवटची कसोटी ही आहे. त्याने किती केले एवढ्यावर तिचा निर्णय होत नाही. त्याच्यामुळे इतर किती जण करू लागले, हे पाहावे लागते.

या कसोटीवर टिळकांची सेवा मोठी ठरते. लहान वयात लग्न होऊन आलेल्या पत्नीला अक्षरओळख त्यांनी करून दिली. तीच स्त्री पुढे कवयित्री झाली आणि मराठी गद्याला अमर ग्रंथ देऊन गेली. टिळकांनी ख्रिस्तचरित्रावर 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले, पण आरंभीचे काही अध्याय लिहून होतात तोच त्यांचे आयुष्य संपले. ते काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या विधवेने अध्यायामागून अध्याय रचीत काव्य पुढे नेले, आणि १९३८ साली, म्हणजे त्यांच्याही मृत्यूनंतर दोन वर्षांनी, ते प्रसिद्ध झाले. पतीने पेरले, पत्नीने कापले, पुत्राने ते जगाच्या हाती दिले.

दुसरे उदाहरण त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचे आहे. १९०७ साली जळगावास पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. टिळकांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. त्या संमेलनात एका कोवळ्या मुलाने कविता म्हटल्या, आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. पुढे या हिंदू मुलाला टिळक दांपत्याने अहमदनगरच्या आपल्या घरी पुत्राप्रमाणे सांभाळले. त्याच्यावर धर्मांतराची सक्ती झाली नाही. त्याला मिळाली ती माया आणि मोकळीक. मराठी निसर्गकवितेच्या इतिहासात एका ख्रिस्ती पाळकाच्या घराचे असे स्थान आहे.

एलदाद व मेदाद हे छावणीत संदेश देऊ लागले तेव्हा यहोशवाला ते खपले नाही. मोशे मात्र म्हणाला की परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे असते तर किती बरे झाले असते (गणना ११:२६-२९). ज्याला आपले दान देवाकडून मिळाल्याची खात्री आहे, त्याला दुसऱ्याच्या दानाचे भय वाटत नाही.

५. शेवटची पायरी

१९१७ साली, वयाच्या छप्पनाव्या वर्षाच्या सुमारास, टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. सुरक्षित वेतन, मान आणि स्थैर्य यांचा त्याग करून सातारा येथे त्यांनी 'देवाचा दरबार' या नावाने नवे कार्य आरंभिले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा ख्रिस्ताच्या सर्व शिष्यांचा बंधुसमाज व्हावा, ही त्यांची कल्पना होती. ती सर्वांना पटली नाही. मंडळीच्या शिस्तीला तिच्यामुळे बाध येईल काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही तो विचारण्याजोगा आहे. परंतु त्या पावलामागील विश्वास कोणालाही नाकारता येणार नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दरबाराला जेमतेम दीड-दोन वर्षे मिळाली.

इब्रीकरांस पत्र लिहिणारा 'त्यांच्या वर्तनाचा शेवट पाहा' असे का सांगतो, ते येथे कळते. काम अपुरे, महाकाव्य अपुरे, दरबार अपुरा. जगाच्या हिशेबी हा तोटा आहे. पण मत्तय २५ मधील धनी परत आल्यावर चाकराला काम पुरे झाले काय, असे विचारीत नाही. सोपविलेले तू पुरून ठेवलेस की व्यवहारात लावलेस, एवढेच तो पाहतो.

६. आपल्यासाठी धडा

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळ जण आज महाराष्ट्राबाहेर राहतात. लखनौहून सीतापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बख्शी का तालाब नावाचे गाव आहे. तेथे हवाई दलाचे केंद्र आहे. बदलीमुळे अशा ठिकाणी येऊन राहिलेले एखादे मराठी ख्रिस्ती कुटुंब आपण डोळ्यांसमोर आणू या. जवळपास मराठी मंडळी नाही, मराठी पाळक नाही. रविवारी संध्याकाळी आई कपाटातून जुने गीतांचे पुस्तक काढते आणि मुलांना घेऊन टिळकांचे एक गीत गाते. राहुरीच्या पाळकाची सेवा त्या घरात, त्या घटकेस, चालू असते. निकोल मॅक्निकोल यांच्या भाषांतरामुळे तर त्यांचे गीत इंग्रजी गीतसंग्रहांतही जाऊन पोहोचले.

त्या गावाच्या नावातही आपल्यासाठी एक बोध आहे. नवाबी काळात बख्शी म्हणजे सैन्याच्या पगाराची व्यवस्था पाहणारा अधिकारी. त्याने कोणाला किती रक्कम वाटली, त्या वह्या आज कोणाच्या ध्यानी आहेत? परंतु त्याने तलाव बांधला, आणि गाव आजही त्या तलावाच्या नावाने ओळखले जाते. हिशेबाच्या वहीतून माणूस पुसला जातो. ज्या पाण्यावर इतरांची तहान भागली त्यात तो राहतो. पाळकाचे दानही असेच असते. ते त्याच्या हौदात साठून राहिले तर आटते. इतरांच्या घागरी भरल्या तर टिकते.

म्हणून आपल्या मंडळीच्या पाळकाविषयी तीन गोष्टी करा. पहिली, त्याची आठवण लिहून ठेवा. आपल्या गावोगावच्या पाळकांपैकी कोणी पेटी वाजवीत असे, कोणी औषधे देत असे, कोणी विहिरीचे पाणी शोधून देत असे. त्यांना लक्ष्मीबाईंसारखी चरित्रकार लाभली नाही. ज्या वृद्धांना ते आठवतात ते आणखी किती दिवस आपल्यात आहेत? त्यांच्याजवळ बसून, वही घेऊन, नाव-गाव-सालासह लिहून घ्या. आणि गुणांबरोबर उणेही प्रेमाने लिहा. दुसरी, जो पाळक आज सेवेत आहे त्याच्या घराची विचारपूस त्याच्या हयातीतच करा. पुण्यतिथीच्या हारापेक्षा आजची भाजीभाकरी अधिक मोलाची आहे. तिसरी, त्याच्याकडून एक तरी काम शिकून ते आपल्या शिरावर घ्या. तो बहुगुणी असला तर त्याचे ओझे उतरेल. एकच दान असलेला असला तर त्याची उणीव भरून निघेल.

ज्याला एकच हजार मिळाले होते त्या चाकराचा अपराध काय होता? त्याने आपल्या वाट्याची तुलना पाच हजारांशी केली, धन्याला कठोर समजला आणि भ्याला. टिळकांसारख्या माणसाची आठवण आपल्याला भिववीत असेल, तर आपण ती चुकीच्या रीतीने ठेवीत आहो. त्यांची काव्यशक्ती देवाने आपल्याला दिली नसेल. पण ज्याने ती त्यांना दिली, तो काल होता तोच आज आहे, आणि आपल्याही हाती त्याने काहीतरी सोपविले आहे.

विचारासाठी प्रश्न

१. इब्री १३:७ मध्ये दिलेल्या तीन आज्ञा कोणत्या? आपल्या मंडळीत त्यांपैकी कोणती अधिक पाळली जाते व कोणती राहून जाते?
२. आत्म्याचे दान आणि आत्म्याचे फळ यांत काय भेद आहे? एकाच्या अभावी दुसऱ्याचे काय होते?
३. निर्गम ३५:३४ प्रमाणे इतरांना शिकविणे हेही दान आहे. तुम्ही जे जाणता ते गेल्या वर्षभरात कोणाला शिकविले?
४. तुमच्या पाळकाच्या सेवेचे मोल त्याच्या घरातील कोण देत आहे? त्या व्यक्तीसाठी मंडळीने कोणती एक गोष्ट या महिन्यात करावी?

प्रार्थना

हे प्रभू, ज्यांच्या मुखाने तू आमच्याशी बोललास त्या सर्व सेवकांबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. त्यांच्या गुणांत आम्हाला तुझा हात दिसो आणि त्यांच्या उणिवांत तुझी क्षमा. त्यांच्या घरांनी जे सोसले ते तू विसरला नाहीस. आम्हालाही ते विसरू देऊ नको. तू आमच्या हाती दिलेले थोडे किंवा फार आम्ही भीतीने पुरून न ठेवता तुझ्या लोकांसाठी लावावे, असे कर. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.